पिंपळगावचा चहा

तुम्ही चहा पुढे केलात म्हणून सांगतो. हसायचे असेल तर आधीच हसून घ्या. संध्याकाळी बसून राहिलो की माझ्या पायांत वळवळ सुरू होते आणि उठून चालल्याशिवाय ती थांबत नाही. चहाने ती वाढते. सर्वांचेच असे होते, असा माझा दावा नाही. परंतु मला तरी डॉक्टरांनी दुपारनंतर चहा टाळायला सांगितले आहे.

मागच्या महिन्यात मामांबरोबर पिंपळगाव बसवंतला मुलगी पाहायला गेलो. मुलगी मनापासून आवडली. तेवढ्यात चहा आला. मी कारण सांगून नम्रपणे नकार दिला.

मुलीचे वडील म्हणाले, "पाव्हणं, चहानं कुठं पाय वळवळतात का? आमचा चहा नको म्हणजे आमची सोयरीक नको, असंच समजायचं ना?"

मामा कानाशी पुटपुटले, "घे मुकाट्यानं. स्थळ हातचं घालवशील."

घेतला. कप रिकामा होताच वडिलांनी स्वतःच्या हाताने तो पुन्हा भरला. मग त्यांच्या द्राक्षबागेच्या गप्पा रंगल्या आणि माझे पाय वळवळू लागले. उठलो, बसलो, पुन्हा उठलो. शेवटी भर बैठकीत येरझाऱ्या घालू लागलो.

दुसऱ्या दिवशी मामांना त्यांचा फोन आला. मुलगा एका जागी ठरत नाही, म्हणून नकार! तेही मी सोसले असते. पण फोन ठेवता ठेवता हे गृहस्थ मामांना काय म्हणाले, ऐका:

"भाचा तसा चांगला हाय तुमचा. लय चहा पितो, तेवढा कमी करायला सांगा."