पार्श्वभूमी सोलापुरी होती

डेंगू तर सगळ्या गल्लीला झाला होता, मग माझीच ताई का गेली — एवढं सांगा मॅडम, मग तुम्ही विचाराल त्याचं उत्तर देतो. डॉक्टर फाइल चाळत राहिले. बाबा बँकेतले, त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, त्यांनीही पुढे आलेल्या कागदावर सही केली. तुम्हीही फोनमध्ये बघताय. राहू द्या, चहा घ्या. काय विचारत होता — ताईच्या फोटोंच्या प्रदर्शनासाठी मैत्रेयीची कलात्मक पार्श्वभूमी? पार्श्वभूमी मतलब बॅकग्राउंडच ना? आहे की, कपाटातच आहे, थांबा — ही घ्या. सोलापुरी चादर. बाबांची जयपूरला बदली झाली तेव्हा आईने भांडी गुंडाळून आणलेली. हसताय का? अच्छा, तसली पार्श्वभूमी. कुठे शिकली वगैरे. कुठेच नाही. दुर्गापुऱ्यातल्या या गच्चीवर, बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यावर, आपली आपण. पण खरं सांगू, तिची बॅकग्राउंड हीच. चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, लाखेच्या बांगड्या करणारी यमुनादेवी — चेहरा असा की बघत राहावं, आणि तिच्या मागे काय? तारांचं जंजाळ, कुणाची तरी स्कूटर, हात जोडून उभा असलेला निवडणुकीचा उमेदवार. मग ताई म्हणायची, "प्रथम्या, धर." मी स्टुलावर चढून चादर धरायचो. "वर. अजून वर. पोट आत घे, उमेदवार बरा तुझ्यापेक्षा." चाकसूकडे शेतं टिपायला गेलो की चादरीचं काम नसायचं, तेव्हा डबा धरायचो. माणसांचे फोटो आणि मोकळ्या रानाचे फोटो यांत फरक काय म्हणाल, तर माझ्या हातात काय आहे एवढाच.

आता हा तुमचा कागद. दहावीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा उठवलं, पण वाचता येतं मला — "चौकटीच्या कडेला घट्ट आवळलेली बोटं म्हणजे स्त्रीच्या अवकाशावरील पुरुषी सत्तेची पकड." मॅडम, ती बोटं माझी आहेत. घट्ट आवळलीत कारण वारा होता, चादर सुटली असती तर यमुनादेवीच्या शेगडीत गेली असती. आणि सत्ता म्हणाल तर या घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा कधी माझ्या हाती आला नाही. मीच म्हणायचो, ताई, कड कापून टाक, लोक हसतील. ती म्हणायची, "हसू देत, तू तरी कुठेतरी दिसू दे." आणि खाली तुम्ही लिहिलंय — "कुणाच्याही साथीवाचून." छापून झालंय? मग पुन्हा छापा. ती ओळ काढा, नाहीतर एकही फोटो या घरातून हलणार नाही — बाबांना विचारू नका, ते सध्या समोर धराल त्यावर सही करतात.

तिचा स्वतःचा फोटो? दारापाशी लावायला? तो मिळणार नाही. चप्पल बाहेर आहे तुमची, रिक्षा कोपऱ्यावर मिळेल. का म्हणजे — अहो, नाहीये. साऱ्या जयपूरचे चेहरे काढले, तिचा तेवढा आधारकार्डावरचा. तेराव्यासाठी तोच मोठा करायला टाकला, तर दुकानातल्या भैयाने मागे गुलाबी ढग घातले, ढगांत कबूतर — "स्वर्गवाला सीन है, सब यही लेते हैं." पाहुणे म्हणाले, किती छान आलाय. ताईच्या मागे कबूतर. मी फ्रेम उतरवली, आईची शिवणाची कात्री घेतली, सगळ्यांसमोर खाली बसलो आणि कडेकडेने कापत गेलो — ढग कापले, कबूतर कापलं. आत्या ओरडत होती, अशुभ असतं म्हणून. कानापाशी कात्री घसरली, तिथले थोडे केस गेले, बाकी ताई पुरी आहे. मग कोऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवली. मागे काही ठेवलं नाही.