मावशींचा उकडलेला बटाटा

बाई : मावशी, दीड तास झाला, पण बटाट्याच्या खळग्यात थेंबभर पाणी चढलेलं नाही! घरी चार वेळा करून पाहिला होता हा प्रयोग.

मावशी : बटाटे तर एक नंबर होते, बाई. कँटीनच्या पोत्यातून मी स्वतः निवडले.

बाई : खळग्यात मीठ आहे, खाली बशीत पाणी आहे. पाणी बटाट्यातून मिठाकडे ओढलं जायला हवं. अर्ध्या तासात मुख्याध्यापक माझा तास बघायला येणार आणि आजच फजिती! माझी नोकरी कायम व्हायची ती यावरच, मावशी.

मावशी : अगं बाई! एक सांगू? रागावू नका.

बाई : काय केलंत?

मावशी : कोरताना तुमचा हात दुखेल म्हणून... एक उकळी काढली.

बाई : उकडलेत? तरीच म्हटलं, आज चमच्यानं कसे कोरले गेले!

मावशी : मेले माझे हात! पण उकडल्यानं काय बिघडलं?

बाई : अहो, बटाट्यात लाखो पेशी असतात. प्रत्येकीभोवती पातळ पडदा. तो पाण्याला जाऊ देतो, मिठाला अडवतो. उकडला की पडदाच मोडतो. मग मीठही वाटेल तिकडे हिंडतं, पाणी कोणाकडे ओढलं जाणार?

मावशी : म्हणजे काकडी चिरून मीठ लावलं की पाणी सुटतं, ते हेच?

बाई : अगदी हेच!

मावशी : मग डोळे पुसा. कच्चे बटाटे आहेत अजून. तुम्ही मीठ काढा, मी कोरते. दुखू दे हात.

(तास संपल्यावर, वर्गात.)

मुख्याध्यापक : कच्च्या बटाट्यात पाणी साचलंय, छान. पण शेजारी उकडलेला कशाला?

बाई : खरं सांगू, सर? मावशींनी चुकून उकडला. टाकायला निघाले होते. मग वाटलं, पेशी जिवंत नसली तर हे होत नाही, ते मुलांना दिसू दे.

मुख्याध्यापक : वीस वर्षं हा प्रयोग बघतोय. ही बाजू कोणी दाखवली नव्हती. शेरा लिहिलाय, वाचा. येतो मी.

मावशी : गेले का? काय लिहिलंय? अहो, बोला ना, माझा जीव टांगणीला लागलाय!

बाई : ‘कायम करावे.’

मावशी : बाई गं! मग पुढच्या वर्षी बटाटे कच्चे आणू का उकडून?

बाई : दोन्ही आणा, मावशी.