फेस पुसलेल्या चिठ्ठ्या

हसू नका हो, वस्तरा गळ्यावर आहे — हां, अशी, मान वर. आरशाच्या चौकटीत खोचलेली ती चिठ्ठी ना? लस पुरुषांनी घ्यायची आणि कॅन्सर बायकांचा — सगळेच हसतात. मी जरा हळूच बोलतो हं, पडद्यामागे बायको झोपलीय. पुढे दुकान, मागे घर, मध्ये हा एवढा पडदा. गोळी दिली की चारपर्यंत उठत नाही, तरी आपलं हळू बोललेलं बरं.

गेल्या वर्षी समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या, अशा वीस चिठ्ठ्या दिल्या. म्हणाल्या, काका, आमच्याकडे पोरं फिरकत नाहीत, तुमच्या बाकावरून उठत नाहीत, तुम्ही सांगा, चिठ्ठी दाखवली की लस फुकट. मग मी काय केलं? ऐका. बाकावर चारपाच जण होते, मी चिठ्ठी वाचून दाखवली. जिममधला पैलवान म्हणतो, मला काय गर्भाशय आहे का? मोबाईल दुरुस्तीवाला लंबू म्हणतो, माझी मैत्रीण तसली नाही. तसली म्हणजे कसली, हे त्याचं त्यालाही ठाऊक नाही! एक पोरगा कोपऱ्यात होता, तो हळूच म्हणाला — रांगेत कुणी पाहिलं तर म्हणतील, याला काहीतरी झालंय. खरं तोच बोलला. सगळ्यांना तीच भीती, बाकीचा नुसता आव. आणि मी — हातात वस्तरा, वस्तऱ्यावर फेस, पुसायचे कागद संपलेले — मी त्या चिठ्ठीला फेस पुसला आणि म्हणालो, घ्या, टोचली लस! पोट धरधरून हसले. मग मलाही चेव आला, रोज तेच. एकोणीस चिठ्ठ्या पुसून फेकल्या. विसावी बाकाखाली पडली होती, ती झाडताना बायकोला सापडली. शिक्का बघून तिनेच खोचली तिथे — असू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणाली. तीन महिन्यांनी तिचं रक्त जायला लागलं.

गाल फुगवा. — डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला बसवून समजावलं, ती आत तपासायच्या टेबलावर होती. म्हणाल्या, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, तो एका विषाणूने होतो, ती लस त्याचीच. हा विषाणू संबंधातून येतो, पुरुषाच्या अंगात वर्षानुवर्षं राहतो, त्याला पत्ताही नसतो. पुरुषालासुद्धा कॅन्सर होतो त्याने, घशाचा होतो, खालचा होतो. त्या सांगत होत्या आणि मी टेबलावरच्या पेनाकडे बघत होतो. कारण मला कळलं होतं ना! लग्नाआधी मी बंदरावरच्या सलूनमध्ये होतो, एका खोलीत आठ जण. सुटीच्या दिवशी बाकीचे जायचे तिथे मीही जायचो. लग्नाआधी हो. नंतर नाही. नंतर — दोनदा. दोनदाच गेलो. मोजून सांगतोय, जसं काही त्याने कमी होणार आहे.

आरशातून असं बघू नका माझ्याकडे. नाही सांगितलं तिला. आई तिच्या तोंडावर म्हणाली, बाईचंच काहीतरी असणार, त्याशिवाय असला आजार होतो का? आणि मी तिथेच वस्तऱ्याला धार लावत बसलो होतो. ती मला विचारते, अहो, माझं काय चुकलं, मी स्वच्छता राखली नाही का? मी म्हणतो, झोप. तिने स्वतःचा पेला वेगळा केलाय, कळलं का? ओळखू यावा म्हणून लाल दोरा बांधलाय त्याला. का? तर मला लागू नये म्हणून. मला!

तुमचं लग्न पुढच्या महिन्यात म्हणालात ना? मग काढा ती चिठ्ठी. रस्ता ओलांडला की दवाखाना, पाचपर्यंत उघडा असतो. नर्सबाईंना विचारून ठेवलंय, अजून चालते. रांगेत कुणी बघितलं तर बघू दे. आणि तुमच्या होणाऱ्या बायकोलाही घ्यायला सांगा. लाज वाटते? अरे, लाज काय असते ते मला विचारा, मी रोज सकाळी त्या दोऱ्याकडे —

थांबा. हलू नका. तो पडदा केव्हा सरकला?

तू... केव्हापासून उभी आहेस? गोळी घेतली नव्हतीस का? अगं, भिंतीला धरून उभी राहा, पडशील. पाणी हवं होतं का? मी दिलं असतं ना — अगं, तो नाही. त्याला दोरा नाहीये. तो माझा पेला आहे.

पी. पी तू.

उठा हो तुम्ही. राहू दे तो गाल, फेस लागलेला असू दे, तसेच जा. चिठ्ठी न्या. आणि जाताना दार ओढून घ्या.