कणगीमागची पिल्लं

रेणापूरची बस सुटायची होती. पुढच्या सीटवरच्या दोघींचं बोलणं लुंबिनीच्या कानावर पडत होतं.

“नागुमावशी, मांजरीची पिल्लं कशी हायत?”

“ज्वारीच्या कणगीमागं व्याली होती, सिंधू. एक पिल्लू तोंडात धरून जाताना दिसली. म्हनलं, निघाली सात घरं फिरवायला. त्या खोलीला कुलूप घातलं अन् गेले लेकीकडं लातूरला चार दिस.”

“मग?”

“एकेक नेत होती गं ती. बाकीची आतच होती.”

“अगं बाई!”

“आले तवा दारातच बसलेली. दार ओरबाडून ठेवलेलं.”

“अन् पिल्लं?”

“गार पडली होती.”

“तुमाला काय ठावं, मावशी?”

“वाकून बघायचं तरी होतं एकदा.”

“जाऊ द्या. आज घराला कुलूप नीट लावलं ना?”

“न्हाई. दार सताड उघडं ठेवून आले.”