पातेल्याचं बूड

चार्ल्सटनच्या धक्क्यावर कोळंबीची रांग लांबली होती. लॉटीच्या पुढेच अर्नेस्टीन आणि तिची शेजारीण वर्डेल उभ्या होत्या. दुसऱ्यांच्या गप्पा ऐकायची लॉटीला भारी खोड.

"मग, दिलास का नकार? होणारा जावई पसंत नव्हता ना तुला?" वर्डेलने विचारलं.

"त्यासाठीच तर मायलेकांना जेवायला बोलावलं. त्याची आई खास आफ्रिकेतून, डाकारहून आलेली. मी कोळंबी घालून टोमॅटोचा लाल भात केला. पहिल्या घासालाच म्हणते कशी, हा तर आमचाच भात!"

"अगंबाई! तुझ्या पणजीचा भात?"

"पुढे ऐक. जेवण झाल्यावर बाई उठली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. झाकण काढलं आणि चमच्याने पातेल्याचं बूड खरवडायला लागली."

"तुझी खरवड? नवऱ्यालासुद्धा देत नाहीस ती?"

"माझी आई पाहुणे गेल्यावर ती गुपचूप उभ्याने खायची. मीही तेच करते. हिला कुणी सांगितलं गं?"

"हाकललंस ना?"

"हाकलणारच होते. तर तिने दोन वाटे केले, मोठा कुरकुरीत तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि स्वतः ओट्याशी उभ्यानेच खायला लागली."

"आणि नकार?"

"तोंड भरलेलं होतं माझं, बोलणार कशी?"

तेवढ्यात अर्नेस्टीनचा नंबर लागला.

"कोळंबी दुप्पट दे रे बाबा. रविवारी ती परत येतेय. रुंद बुडाचं पातेलं चढवणार आहे."