विठ्ठलवाडीची जपानी गिटार

शुभदा, एका गिटारसाठी मी गणपतीला एकवीस मोदकांचा नवस बोलले होते, हे तुला कधी सांगितलंच नाही ना?

आमच्या मुक्ताने विठ्ठलवाडीतल्या एका काकांकडून जुनी जपानी गिटार घेतली. स्वस्तात मिळाली म्हणून पोर नुसती हरखलेली. तिथे छान वाजली. पण कल्याणला घरी आणून दुसऱ्या दिवशी वाजवली, तर आतून बारीक खुळखुळ ऐकू यायला लागली.

आमच्या ह्यांना आयतंच सापडलं. "जपानी म्हणे! अगं, नकली मालासाठी प्रसिद्ध उल्हासनगरच्या वेशीवर मिळालेली वस्तू ती. दाखवली एक, दिली दुसरी."

"बाबा, आतल्या कागदावर जपान लिहिलंय."

"कागद काय, मीही छापून देतो. उद्याच परत करून ये."

मुक्ताचे डोळे भरले. खरं सांगू, त्या काकांचा मलाही संशय यायला लागला होता. तरी मनात म्हटलं, बाप्पा, गिटार खरी निघू दे, मोदक माझ्याकडे लागले.

शेवटी मुक्ताने ती उलटी धरून गदागदा हलवली. मधल्या भोकातून टपटप तांदूळ पडले, तेही कुंकू लावलेले!

हे वाकून बघत म्हणाले, "जपानातही अक्षता वाहतात वाटतं?"

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. गिटार आली त्या संध्याकाळी तिची पूजा मीच केली होती ना!

पुन्हा वाजवली तर असा गोड आवाज, की ह्यांनी परत करायचं नावच काढलं नाही.

तुझ्या नातवाची गिटार येणार आहे ना? तूही नवस बोल, आल्या आल्या पूजाही कर. फक्त अक्षता वाहताना त्या भोकावर ताटली झाक गं!