वाणात गेलेली गाडी

काय सांगू तुम्हाला, मोबाइलवरच्या डिजिटल गाड्यांच्या शर्यतीचा अख्खा हंगाम मी राजापेठेत बसून चालवला आणि फायनलच्या सकाळी पहिल्या नंबरवरची गाडीच मालकाच्या खात्यातून गायब! मालक म्हणजे हिवरखेडचे रामदासभाऊ. लगेच फोन लावला.

“भाऊ, गाडी कुठं गेली?”

“जावयाले देल्ली. धोंड्याचा महिना हाये, वाण द्या लागते का नाही?”

“अहो, तुमचे सगळे गुण त्या गाडीवर आहेत! ब्लॉकचेनच्या डिजिटल नोंदवहीत मालकाचं नाव बदललं की मलाही ते फिरवता येत नाही. जावयांनीच परत पाठवली तर होईल. मागून घ्या.”

“वाण परत मांगू? पोरीले तोंड कसं दाखवू?”

मी डोकं धरलं. जावई अकोल्याला, आणि खेळात अगदीच नवखे.

“मग असं करा,” मी म्हटलं, “दुपारपर्यंत अकोला गाठा आणि त्यांच्याच मोबाइलवर तुम्ही शर्यत खेळा. नियमात बसतं.”

“जातो ना. पन साहेब, जावयाच्या घरी रिकाम्या हातानं कसा जाऊ? माह्याजवळची दुसरी गाडी देऊन टाकू काय?”